इतकं सोपं, की ह्यांनासुद्धा जमेल

आमचं कपडे धुण्याचं मशीन मागच्या बाल्कनीत आहे आणि तिथे सकाळचं ऊन छान येतं. एवढं वाक्य मी पुतणीसमोर बोललो नसतो, तर आज जिन्यात लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत नसते. मी मुळात कमी बोलणारा माणूस. नोकरीची सगळी वर्षं एका विश्वकोशाच्या कचेरीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या नोंदी तपासण्यात गेली. तिथे बोलावं लागत नसे, समासात प्रश्नचिन्ह काढलं की भागत असे. ती सवय इतकी मुरली आहे की स्वतःच्या वाक्यापुढेही मला प्रश्नचिन्ह दिसतं. नेमकं त्या दिवशी दिसलं नाही.

पुतणी जाहिरातींच्या एका कंपनीत उमेदवारी करत होती. तिने लिहिलेली पहिली जाहिरात मंजूर झाली होती, कपडे धुण्याच्या पावडरीची.

"ही जमली तर मला कायम करणार, काका. नाही जमली तर घरी बसायचं," ती म्हणाली.

"काय आहे जाहिरात?"

"बायको एक दिवस बाहेर जाते. नवरा कपडे धुवायला घेतो. अख्खा डबा मशीनमध्ये ओततो, घरभर फेस. बायको परत येते, कमरेवर हात ठेवते, हसते, आणि आपली पावडर चमचाभर टाकते. मग शेवटी अक्षरं येतात, 'इतकं सोपं, की ह्यांनासुद्धा जमेल!'"

माझ्या मांडीवर त्या वेळी घड्या घालायचे टॉवेल होते.

आमच्या घरात धुणं माझ्याकडे आहे. यात काही थोर तत्त्व वगैरे नाही. बायको पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर होती. आठवडेच्या आठवडे ती कुठल्या तरी नदीवर लोंबकळत असायची आणि मी घरी असायचो. लग्नानंतर लवकरच तिने एकदा कपडे धुतले. त्यात माझे सगळे सदरे फिक्कट जांभळे झाले. कचेरीत मला कुणी काही बोललं नाही, पण फुलांच्या नोंदी तेवढ्या माझ्याकडे यायला लागल्या. तेव्हापासून मशीन माझं आणि घरातले स्क्रू, वायरी, नळ तिचे, असा अबोल तह झाला. मला धुणं आवडतंही. कॉलर आतून घासणं, खिसे उलटे करणं, खळ बेताची घालणं, यात एक प्रकारचं संपादन आहे.

"काका, मला माहीत आहे," टॉवेलांकडे बघत पुतणी म्हणाली. "मी आधी तसंच लिहिलं होतं. नवरा नीट धुतो, बायको पेपर वाचते. पावडर कंपनीचे साहेब म्हणाले, यात विनोद कुठे आहे?"

मलाही तो सापडला नाही. पण साहेबांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे विषयाचा अभ्यास सुरू केला.

समोरच्या फ्लॅटमध्ये निवृत्त दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे विनोदी चित्रपटांचा मोठा साठा आहे. विनोदाकडे त्यांची स्वतःची दृष्टी आहे. माणूस हसताना मागच्या दाढा दिसल्या तर विनोद उत्तम, सुळ्यापर्यंत आला तर मध्यम, आणि नुसते ओठ हलले तर नाटक. आठवडाभर आम्ही चित्रपट पाहिले. डॉक्टर पडद्याकडे बघत, मी डॉक्टरांच्या तोंडाकडे. त्यातून काही नियम हाती लागले. पुरुषाच्या हातात झाडू आला की दाढा दिसतात. बाईच्या हातात झाडू आला की काहीच दिसत नाही, तो नेहमीचा दिवस असतो. पुरुषाने बाईचे कपडे घातले की अक्कलदाढ. बाईने पुरुषाचे कपडे घातले तर कुणी हसत नाही, तिला नोकरी लागते. बाई चिडली की विनोद, पण बाईने विनोद केला की सगळे तिच्या सासूकडे बघतात. आणि दोघांत जो ठेंगणा तो नवरा.

जाहिरातींचेही नियम निघाले. टॉवेलचा वास घेताना बाईचे डोळे मिटलेले पाहिजेत. डाग पडला की बाई लाजते, पाडणारा लाजत नाही. आणि कुठली पावडर चांगली हे तिला सांगायला एक घोगऱ्या आवाजाचा पुरुष असतो. त्याने आयुष्यात भरलेली बादली उचलली असेल असं त्याच्या आवाजावरून वाटत नाही. (हे मी तपासलेलं नाही.)

इतक्यात पुतणीचा फोन आला. ठरवलेल्या स्टुडिओचं छत गळत होतं. "काका, फक्त मागची बाल्कनी. अर्धा दिवस. कुणाला कळणारसुद्धा नाही."

पहिल्यांदा कळलं ते सोसायटीच्या सेक्रेटरीला. परवानगी मागायला गेलो तर त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं.

"धुण्याला हरकत नाही," ते म्हणाले. "वाळवण्याला आहे. बाल्कनीत कपडे वाळवायचे नाहीत, नियमच आहे."

"पण जाहिरात धुण्याचीच आहे. शेवटी दोरीवर कपडे दिसणार."

"दिसू देत ना. वाळता कामा नयेत."

यावर मी मान डोलावली, म्हणून परवानगी मिळाली. कपडे वाळत नाहीत ना हे पाहायला आपण स्वतः हजर राहू, असं त्यांनी वर सांगितलं.

त्या दिवशी सकाळी दोन टेम्पो आले. अर्धा दिवस आणि मागची बाल्कनी हे दोन्ही शब्द किती लवचीक असतात ते मला दुपारपर्यंत कळलं. बाल्कनीत दिवे, दिवाणखान्यात कॅमेऱ्याचं सामान, झोपायच्या खोलीत रंगभूषा, आणि स्वयंपाकघरात पावडर कंपनीचे साहेब आणि त्यांचे दोन हाताखालचे. हाताखालच्यांचं काम साहेब हसले की हसायचं. बाल्कनीची भिंत पांढरी होती. पांढऱ्यावर पांढरे कपडे उठत नाहीत म्हणून तिला पिवळा रंग दिला. मग पिवळ्यात मशीन उठेना म्हणून मशीनला निळा कागद चिकटवला. माझे लाकडी चिमटे 'फार खरे दिसतात' म्हणून काढून टाकले. फेस पावडरीचा नव्हताच. साहेबांची पावडर फेस कमी करते. फेस दाढीच्या साबणाचा होता आणि तो फवाऱ्याने सगळीकडे उडवत होते.

दिग्दर्शक टोपी उलटी घालणारा होता. माझी बायको त्याच्या मागे उभी राहून दिव्यांच्या स्टँडकडे बघत होती.

"हा पडेल," ती म्हणाली.

"मॅडम, रोजचं काम आहे आमचं."

"असेल. भार एकाच पायावर आलाय. पडेल."

दोनदा सांगून झाल्यावर टोपीवाल्याने तिला नम्रपणे विनंती केली की कलाकारांची एकाग्रता मोडते, तेव्हा जरा बाहेर बसाल का. ती डॉक्टरांकडे चहाला गेली. दार बंद झालं आणि स्टँड पडला. साहेबांच्या बशीतल्या बिस्किटांवर पडला, साहेबांवर नाही, यासाठी त्या सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

नवऱ्याचं काम करायला एक नामांकित विनोदी नट आणला होता. त्याची खासियत पडण्यात होती. तो घसरून, आपटून, गडगडत पडू शकत असे आणि पोट भरत असे. तालमीला तो फेसावर पाऊल टाकून असा काही सुंदर पडला, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो उठेना तेव्हा टाळ्या थांबल्या. कंबर धरली होती. त्याला खुर्चीत बसवून खाली नेलं. जाताना तो पुनःपुन्हा विचारत होता, "कॅमेरा चालू होता ना?" नव्हता.

आता दुसरा नट कुठून आणायचा? साहेबांना संध्याकाळच्या आत काम संपवायचं होतं. पुतणी फोनवर फोन करत होती. टोपीवाल्याची नजर खोलीभर फिरली आणि मोरीजवळ फडकं घेऊन फेस टिपत असलेल्या माझ्यावर थांबली.

"हे कोण?"

"माझे काका. त्यांचं घर आहे."

"चेहरा बघ यांचा! केवढा पराभव आहे! उभे राहा, आजोबा. वा! नुसते उभे राहिलात तरी काहीतरी बिघडलंय असं वाटतं."

माझ्याविषयी इतकं अचूक कुणी कधी लिहिलं नव्हतं. मी नाही म्हणणार होतो, पण पुतणी माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायला मला नेहमी दोन दिवस लागतात, आणि ते हातात नव्हते.

नटाचे कपडे भिजले होते. टोपीवाला म्हणाला, "बायकोचा गाउन घालू यांना. अर्धं काम तिथेच होतं." माझी बायको गाउन वापरत नाही, शर्ट आणि पँट वापरते. मग समोरच्या डॉक्टरांच्या बायकोचा, डॉक्टरीणबाईंचा मागवला. त्यावर मोठी केशरी फुलं होती. मी तो घालून बाल्कनीत पाठमोरा उभा होतो. डॉक्टर चौकशीला आले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "अगं, इथे काय करतेस? चहा टाक की." मी वळलो. डॉक्टरांच्या मागच्या दाढा मी प्रथमच इतक्या जवळून पाहिल्या. ते हसत नव्हते.

काम सुरू झालं.

"आजोबा, कपडे उचला, मशीनमध्ये कोंबा, डबा ओता. बस!"

मी कपडे उचलले. हात आपोआप पांढरे एकीकडे आणि रंगीत दुसरीकडे करू लागले.

"कट! वेगळे का करताय?"

"रंग लागतो."

"लागू दे! तुम्हाला माहीतच नाही ना ते!"

पुन्हा घेतलं. या वेळी मी कोंबले, पण कोंबण्याआधी खिसे उलटे केले. पुन्हा घेतलं. खिसे सोडले, पण शर्टाची बटणं काढली, कारण बंद बटणांनी काजं सैल होतात. टोपीवाल्याने टोपी सुलटी केली. हे वाईट लक्षण असतं, असं नंतर समजलं. डबा ओतायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटून ओतला आणि तरी चमचाभरच पडली. मनगट पुढे वळेना.

मग पडद्यावरची बायको आत आली. ती अनुभवी नटी होती. तिने कमरेवर हात ठेवले, गोड हसली आणि पावडर मशीनच्या भलत्याच कप्प्यात टाकली.

"बाई, तो नाही, डावीकडचा," मी न राहवून पुटपुटलो.

"कट!"

"सॉरी हं, आजोबा," ती म्हणाली. "सात कंपन्यांचं धुणं धुतलंय मी पडद्यावर. घरी हे धुतात, मला मशीन चालूसुद्धा करता येत नाही."

"मग जाहिरातीत त्यांना का नाही घेत?"

"घेतलं होतं एकदा. गाडीच्या. त्यांना गाडी येत नाही, मी बाजूला बसून सांगत होते."

एवढ्यात सेक्रेटरी दोरीवरच्या शर्टाला हात लावून ओरडले, "हा वाळायला लागलाय!" दोघे जण धावले आणि त्यांनी शर्टावर पाणी मारलं.

साहेब स्वयंपाकघरातून आले. हाताखालचे पाठोपाठ आले.

"गंमत येत नाहीये," साहेब म्हणाले. दोघांनी माना हलवल्या. "या म्हाताऱ्याचा दोष नाही. मुळात लिहिलंच कच्चं आहे. कुणी लिहिलं हे? या मुलीने ना? एकदा शेवटचं घ्या, नाहीतर गुंडाळा. आणि तिच्या कंपनीला मी सांगतो काय ते."

पुतणी स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली पेला धरून उभी राहिली. पेला भरून वाहायला लागला तरी ती तशीच उभी. मी गाउनमध्ये दारात उभा होतो. तिला काहीतरी धीराचं सांगावं असं फार वाटत होतं, पण असल्या प्रसंगी मला फक्त संदर्भग्रंथ आठवतात.

आणि तिथे मला एकदम सुचलं. कल्पनेतून काही करणं मला जन्मात जमणार नव्हतं. पण अस्सल नोंद समोर असेल, तर ती जशीच्या तशी उतरवणं हे तर माझं काम. वाईट धुणारा माणूस मी कुठे जवळून पाहिला होता? पाहिला होता की! त्यासाठी इतका अभ्यास कशाला केला?

मी बाल्कनीत गेलो. टोपीवाला कंटाळून "ॲक्शन" म्हणाला.

मी कपड्यांच्या ढिगाकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं. कपडा म्हणजे भार. खाली वाकून दोन्ही हातांत जेवढा मावेल तेवढा भार उचलला, त्यात पायपुसणंही आलं, आणि उंचावरून मशीनमध्ये सोडला. बाहेर लोंबणारी बाही गुडघ्याने आत ढकलली. डबा उपडा धरून तळाला चापट्या मारल्या. झाकण कोपराने धाडकन लावलं. बटण जत्रेतलं चक्र फिरवावं तसं गरगरा फिरवलं आणि ते थांबेल तिथे थांबू दिलं. मग मशीनला कान लावला, भुवया आक्रसून ऐकलं, आणि सगळं भक्कम आहे अशी खात्री पटल्यावर त्याच्या पाठीवर थोपटून म्हणालो, "शाबास!" फेस यायला लागला तेव्हा घाबरलो नाही. दोन पावलं मागे सरून, पुराची पातळी बघावी तसा शांतपणे बघत राहिलो. एक पाय बुडाला तेव्हा म्हणालो, "हं. अपेक्षितच होतं."

'कट' कुणी म्हणालंच नाही. टोपीवाला जमिनीवर बसून हसत होता. साहेब भिंतीला टेकले, त्यांच्या पाठीला ओला पिवळा रंग लागला, तरी हसत होते. हाताखालचे आज प्रथमच मनापासून हसले असावेत, कारण ते साहेबांच्या आधी हसले. डॉक्टर दारातून ओरडत होते, "अक्कलदाढ! सगळ्यांच्या अक्कलदाढा!"

"हुबेहूब!" साहेब डोळे पुसत म्हणाले. "हुबेहूब पुरुष! आमच्या घरी मीच हा! ही मुलगी हुशार आहे हो. कुठून शोधलं हे सगळं?"

पुतणी हसत नव्हती. ती माझ्याजवळ आली आणि हलकेच म्हणाली, "काका, ही तर काकू आहे."

मी ओठांवर बोट ठेवलं. बोटाला फेस होता.

पुतणीला कायम केलं, हे मला महिन्याभरात कळलं. जाहिरात दिसायला लागली आणि माझ्या आयुष्याचं मातेरं सुरू झालं. जिन्यात बायका मला बघून हसू दाबायच्या. खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "कपडे देत जा माझ्याकडे, बायकोवर सगळा भार नका टाकू." सेक्रेटरींनी सभेत सुचवलं की माझ्या मशीनमुळे खालच्या छताला धोका आहे का ते पाहावं. उलट माझी बायको एकाएकी धुण्यातली अधिकारी व्यक्ती ठरली. शेजारणी तिला डाग कसे काढायचे ते विचारायला येऊ लागल्या. ती त्यांना बसवायची, "एक मिनिट हं" म्हणून आत यायची आणि मला दबक्या आवाजात विचारायची, "अहो, शाईचा डाग?" मी सांगायचो. ती बाहेर जाऊन तेच ठणठणीत आवाजात सांगायची. "किती बाई माहिती तुम्हाला! आणि ह्यांना मात्र..." असं त्या म्हणायच्या. मी आत इस्त्री करत ते ऐकायचो.

अपमान मी गिळला असता. माझी खरी भीती वेगळी होती. बायकोने जाहिरात अजून पाहिली नव्हती. तिला टीव्हीचा कंटाळा. पण डॉक्टरांनी एका संध्याकाळी सगळ्यांना मुद्दाम बोलावलं, खुर्च्या मांडल्या आणि जाहिरात लावली. एकदा, दोनदा, तीनदा. लोक लोळत होते. मी पडद्याकडे बघितलंच नाही, बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. तीही हसत होती. दाढा दिसतील इतकं.

"पुरुष म्हणजे ना!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगदी असेच!" माझी बायको म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. तिने ओळखलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटलं. इतकी काटेकोर नोंद, आणि मूळ ग्रंथालाच पत्ता नाही!

घरी आलो. ती मागच्या बाल्कनीत कठड्याला टेकून उभी राहिली. मी सुकलेले पायमोजे जोडीने लावायला घेतले.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "थोपटणं छान आलंय. 'अपेक्षितच होतं' पण छान."

माझ्या हातातले मोजे भलत्याच जोडीला गेले.

"अगं, पुतणीची नोकरी..."

"हो, ते कळलं. म्हणून तर तिथे हसले. पण एक चूक राहिली आहे."

चूक! मी मोजे खाली ठेवले. इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या नोंदीत चूक निघाली नव्हती.

"कुठली?"

"त्या दिवशी मशीन चालू करताना मी शिट्टी वाजवली होती. ती नव्हती."

खरंच. मशीनच्या आवाजात ती तेव्हा माझ्या नीट लक्षात आली नव्हती. किंवा आली होती आणि मी ती गाळली होती, कारण...

"मला शिट्टी येत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे. म्हणून म्हणते, शिका. ओठ असे करा. असे नाही, तुम्ही रुसल्यासारखे केलेत. जीभ खाली. आता फुंका."

मी फुंकलं. तिने एक लांब, सरळ, नदीच्या या तीरावरून त्या तीरावर पोचेल अशी शिट्टी वाजवून दाखवली. मी पुन्हा फुंकलं. ती कपाळाला हात लावून हसायला लागली. मी चष्मा काढून ठेवला, कठडा धरला आणि पोटातून फुंकायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने दाराची बेल जोरजोरात वाजली. डॉक्टर होते. त्यांच्या मागे सेक्रेटरी, हातात वाळूची बादली.

"घाबरू नका, दिवा लावू नका," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे गॅस लीक होतोय. केव्हापासून ऐकतोय आम्ही, फुस्स, फुस्स!"